शांत घराला पूर्ण गुण

तुम्ही एका बहिऱ्या माणसाच्या घरातला आवाज बंद केलात आणि त्या शांततेला पूर्ण गुण दिलेत. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तो विभाग आमच्याकडे नव्हता, मानक आमच्या आधीच्यांनी ठरवलं, यंत्र तिसऱ्यानं बसवलं. तुमच्यातल्या प्रत्येकाचे हात स्वच्छ आहेत. बाबगोंडा मगदुमांच्या खुब्याचं हाड मात्र मोडलं आहे, आणि ते वाऱ्यानं मोडलेलं नाही. कसं मोडलं ते शेवटपर्यंत वाचा. मध्येच उठून जायची तुमची सवय माहीत आहे, म्हणून आधीच सांगितलं.

इचलकरंजीत आता धोट्याचे माग उरलेले नाहीत. काचबंद शेडमध्ये हवेच्या झोतावर माग चालतात आणि आत जाणारा प्रत्येक जण कानांवर जाडजूड टोपणं चढवून जातो. बाबगोंडा मगदुमांच्या काळी टोपी फक्त डोक्यावर असायची. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते साठी उलटेपर्यंत हा माणूस धोट्याच्या मागांच्या खडखडाटात उभा राहिला. कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्या भिंतीला केसाळ पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात, आणि त्यांचं हलणं म्हणजेच आपलं ऐकणं. वर्षानुवर्षं गोंगाट झाला की त्या पेशी मरतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज वाढवतं, पण करपलेल्या पिकाला कितीही पाणी पाजलं तरी काय होणार? बाबगोंडांनी, म्हणजे घरच्यांच्या अण्णांनी, ते यंत्र दोनदा लावलं, "कानात पत्रा घासाल्यागत होतंय" म्हणाले आणि कपाटात टाकलं.

तरी ते कधी एकटे पडले नाहीत, कारण जाड, ताणलेली हाळी त्यांना अजून पोचायची, आणि मागावाल्यांची बोलायची रीतच तशी असते. शेडमध्ये कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मग माणसं तोंड मोठं करून, शब्द ताणून, बेंबीच्या देठापासून बोलतात, आणि त्याआधी खांद्यावर थाप मारून समोरच्याला वळवून घेतात. थाप हलकी मारून उपयोग नाही, मागाच्या हादऱ्यात ती कळतच नाही. अण्णांचा मुलगा सुकुमार त्याच शेडमध्ये बापाच्या हाताखाली माग दुरुस्त करायला शिकला. पन्नाशी उलटलेला हा जॉबर अंगानं आडमाप, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाला बोलला तर टोकाचं कुत्रं उठून बसावं. त्याचेही कान थोडे गेलेले. आपण ओरडतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी ते बोलणं होतं.

"नाव सुकुमार ठेवणाऱ्याचे पाय धरले पाहिजेत," असं त्याची बायको त्रिशला लग्नापासून म्हणत आली होती. ती पतसंस्थेत कॅशियर. तिथं दिवसभर हळू बोलायची आणि घरी आली की पदर खोचून आवाज चढवायची. त्या घरात बाई असो की बाप्या, अण्णांशी बोलायचं म्हणजे आधी थाप आणि मग हाळी.

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. व्यायामानं काठी धरून चालण्याइतकी सुधारणा झाली, पण दिवसभर कुणीतरी जवळ हवं झालं. म्हणून मेघा कांबळे आली. तिशीतली, हसतमुख, नोंदणीकृत काळजीवाहक. आणि नोंदणीकृत माणूस घरात आलं की नियमाप्रमाणे त्याच्यामागून 'राखण'ही येते.

राखण म्हणजे बिस्किटाएवढी मऊ पट्टी. वृद्ध माणसाच्या गळपट्टीच्या हाडाखाली ती चिकटवायची. ती भोवतालचा आवाज घेते, अंगाला बसणारा झटका मोजते, कातडीवरचा घाम आणि नाडी बघते. माणूस घाबरला की तळहात ओलसर होतात आणि नाडी उडते, हे कुणालाही माहीत आहे. राखणेनं तेच हजारो तासांच्या नोंदींवरून घोटून घोटून शिकून घेतलं होतं. मोठा चढा आवाज, पाठोपाठ झटका, आणि मग शरीरावर उमटलेली भीती, या तिन्हींचा मिळून ती एक 'धाक-अंक' काढायची. नुसत्या चढ्या आवाजानंही तो वाढायचा; ज्याच्या छातीवर ती, त्याचा स्वतःचा आवाज तेवढा ती वगळायची. शब्द मात्र साठवायची नाही. घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून तसा कायदाच होता. अंक वाढला की लाल शेरा, घरी पट्टी काढली तरी लाल शेरा. तिमाहीत तीन लाल शेरे पडले की वृद्धाला तीन महिने संरक्षित निवासात हलवायचं, आणि काळजीवाहकाचा परवाना थांबवायचा.

यंत्र वाईट होतं असं कुणी म्हणू नये. मेघानंच सांगितलं होतं, आधीच्या एका घरात मुलगा आईला चिमटे काढायचा, उपाशी ठेवायचा. बाहेरच्यांसमोर 'आई, आई' करायचा. राखणेनं त्याला पकडून दिलं. "ती आज्जी आता मस्त हाय, काका. मला फोन करती," मेघा म्हणाली. सुकुमारनं मान डोलावली आणि अण्णांच्या छातीवर पट्टी स्वतःच्या हातानं दाबून बसवली.

मगदूम जैन, त्यामुळं जेवणं दिवस मावळायच्या आत. पहिल्याच संध्याकाळी अण्णा ताटावर बसले होते. सुकुमारनं त्यांच्या खांद्यावर सणसणीत थाप मारली आणि विचारलं, "अण्णाऽऽ! भाजी कशी झालीयाऽऽ?"

"मीठ कमी हाय!" अण्णांची हाळी. "पर तिला सांगू नगंस!"

"ऐकलंय मी," स्वयंपाकघरातून त्रिशला ओरडली. "आख्ख्या गल्लीनं ऐकलंय!"

सुकुमारच्या खिशातला फोन कण्हल्यासारखा वाजला. पडद्यावर लाल चौकट. 'आपल्या घरात अयोग्य संवाद व शारीरिक बळ नोंदवले गेले आहे. कृपया शांत व्हा.'

"आयला, मी शांतच हाय की!" सुकुमार म्हणाला.

फोन पुन्हा कण्हला. एका जेवणाचा शेरा मात्र एकच धरला गेला.

दुसरा शेरा दोन दिवसांत पडला. अण्णा झोपेत पलंगावरून घसरत होते म्हणून त्रिशलानं त्यांना धरून ओढलं आणि हाक मारली, त्याचा. मग राखणेच्या कोल्हापूरच्या कार्यालयातून गुणवत्ता पर्यवेक्षक घोरपडे मॅडम आल्या. बाई सरळ होत्या. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं, अण्णांना नमस्कार केला. अण्णांनी आशीर्वाद दिला तो इतक्या जोरात, की मॅडमच्या हातातलं पाणी हिंदकळलं.

"बघितलासा?" सुकुमार म्हणाला. "हे आशीर्वाद हुतं."

"कळलं मला," मॅडम हसल्या. "पण मगदूम, राखणेकडं शब्द नसतात. तुमच्याच खासगीपणासाठी."

"म्हंजे मी भाजीचं इचारलं, ते कुठंच न्हाई?"

"नाही. आवाज किती, चढ किती, तेवढंच."

"आणि धपाटा?"

"तो आहे."

त्रिशलाला हसू आवरेना. सुकुमारनं तिच्याकडं डोळे वटारले आणि मॅडमना म्हणाला, "मग नाडी बघा की. अण्णा घाबरलेत काय? माझा बाप मला घाबरतोय? उलट मीच त्याला अजून घाबरतोय."

मॅडमनी हातातल्या पडद्यावर आलेख काढला. नाडीची रेघ संथ होती. अण्णांना रक्तदाबासाठी नाडी आवरून धरणारी गोळी होती, आणि त्या वयात कातडीला घामही बेताचाच येतो. भीती नव्हतीच, आणि असती तरी या अंगावर ती उमटली नसती.

"तीच अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "आवाज मोठा, झटका जोराचा, आणि तरी शरीर शांत. यंत्रानं शिकलेल्या नोंदींमध्ये अशी माणसं कोण होती? मार खाऊन खाऊन निबर झालेली. म्हणून अशी शांतता दिसली की ते अंक कमी करत नाही, वाढवतं."

सुकुमारनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हंजे बाप घाबरला तर मी मारलं. आणि न्हाई घाबरला तर मी लई मारलं. बरोबर?"

मॅडमनी पडदा मिटला.

"तुमच्या डोळ्याला काय दिसतंय, ते तर लिवा."

"मला सगळं दिसतंय. पण 'दिसतंय' असा रकाना माझ्याकडं नाही." उठताना त्यांनी सूट मिळवण्यासाठी अर्ज कसा करायचा ते समजावून सांगितलं, आणि दारात थांबून हळूच म्हणाल्या, "तिसरा पडू देऊ नका. संरक्षित निवास मी बघितलाय. स्वच्छ आहे, जेवण चांगलं आहे. पण तिथं सगळे हळू बोलतात."

सूट मिळाली नाही. उत्तर आलं की मानक सर्वांसाठी समान आहे, आणि श्रवणदोष असलेल्यांसाठी चित्रपाटी पाठवण्यात येत आहे. अण्णांना सही करण्यापुरतीच अक्षरं येत होती, त्यामुळं चित्रं हा उपाय कागदावर शहाणपणाचा दिसत असणार. पाटीवर ताट होतं, पलंग होता, हसरा चेहरा होता, आणि संडासावर बसलेला एक गोबऱ्या गालांचा माणूस होता, तोही हसतच.

अण्णांनी पाटी लांब धरून निरखली. "ह्यो दात कशाला काढालाय? हितं बसून हसायसारखं काय असतंय?" मग पाटी उपडी ठेवली. "मी काय बालवाडीत हाय काय रं?"

मग घरानं हळू बोलायला शिकायचं ठरवलं. दुसरं करणार काय? बाप घरातून जाणार होता. मेघाची भाकरी जाणार होती. मेघानं सुकुमारच्या फोनवर एक रेघ लावून दिली. आवाज मर्यादेत असला की हिरवी, वर गेला की लाल. सुकुमार तिच्यासमोर बसून पोरानं पाढे म्हणावेत तसा घोकायचा, "अण्णा, जेवलासा का? अण्णा, गोळी घ्या." रेघ लाल व्हायची. तो कपाळावरचा घाम पुसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. हात मागं बांधून बोलायची सवयही त्यानं लावून घेतली, नाहीतर थाप आपोआप उठायची. शेडमधले लोक विचारायला लागले, आवाज बसलाय काय गा?

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी माणसागत बोलालासा," त्रिशला म्हणाली. तिनं ते गमतीनं म्हटलं होतं. पण पुढं पुढं घरात गंमतही हळू आवाजात व्हायला लागली, आणि हळू आवाजातली गंमत लौकर मरते.

रेघ हिरवी राहायला लागली. गुण चढत गेले. महिन्याभरात पत्र्याचा एक बिल्ला आला, दारावर लावायचा. 'शांत घर. उत्तम सेवा.' त्रिशलानं तो लावला. गल्लीतले लोक थांबून वाचायचे.

आता हे सगळं अण्णांच्या बाजूनं बघा. तुम्ही ते बघितलं नाहीत, म्हणून सांगतोय. कालपरवापर्यंत लेक यायचा, खांदा हलवायचा, तोंड भरून हाक मारायचा. सून ओरडून भांडायची, ओरडून हसायची. आणि एके दिवशी सगळं थांबलं. लेक लांब उभा राहतो, हात पाठीमागं, ओठ जेमतेम हलतात आणि आवाज शून्य. सून ताट ठेवते आणि निघून जाते. आपल्याकडं याला एक नाव आहे. अबोला. अण्णांना तो चांगलाच ठाऊक होता. बांधाच्या भांडणावरून त्यांनी स्वतः सख्ख्या भावाशी अबोला धरला होता आणि भाऊ तिरडीवर जाईपर्यंत सोडला नव्हता. अबोल्यात काय ताकद असते ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पोरी," एका दुपारी त्यांनी मेघाला विचारलं, गल्लीला ऐकू जाईल असं, "माझं काय चुकलं? कुणीच कसं बोलंना?"

मेघानं जोरजोरात मान हलवली. "तसं नाही, आजोबा," ती राखणेला चालेल अशा आवाजात म्हणाली. अण्णांचा चेहरा कोराच राहिला. तिनं पाटी उचलली आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. अण्णा त्या चेहऱ्याकडं बघत राहिले, मग भिंतीकडं तोंड करून निजले. त्यांना वाटलं, पोरगी टिंगल करतीय.

मेघानं संध्याकाळी सुकुमारला सांगितलं. त्या रात्री नवरा-बायको बोलत बसले. सुकुमार म्हणाला, एकदा, एकदाच ओरडून सगळं सांगतो, मग पडू दे तिसरा शेरा. त्रिशला म्हणाली, तिसरा पडला की दुसऱ्या दिवशी गाडी येणार. तिमाही संपायला थोडेच दिवस आहेत, नवी लागली की शेरे पुसतात, तेव्हा सांगा. बोलणं शहाणपणाचं होतं. सुकुमारनं ऐकलं.

अण्णांचं ताट अर्धं परत यायला लागलं. राखणेला ते कळलं नाही. ताटाशी तिचा संबंध नव्हता. तिला नाडी संथ दिसत होती, आवाज नव्हता, झटका नव्हता. त्या आठवड्यात घराला आजवरचे सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

शनिवारी दुपारी अण्णांनी धुवट धोतर नेसलं, टोपी घातली आणि पिशवीत दुसरं धोतर कोंबलं. जयसिंगपूरला लेकीकडं जायचं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या दारानं गेलं तर लोक विचारणार, म्हणून ते परसदारी आले. मेघा त्यांच्याच चादरी धूत होती. धुण्याच्या दगडाभोवतीची फरशी साबणानं पांढरी झाली होती. अण्णांची नजर काठीच्या टोकावर. उंबरा ओलांडला.

"आजोबा, थांबा," मेघा म्हणाली. तिच्या घशातून तेवढाच आवाज आला. परवान्याच्या भीतीनं घराघरांत दोन वर्षं घोटलेला आवाज तो, ऐनवेळी तोच येणार. ती उठली, पण मध्ये बादली आणि ओल्या चादरींचा ढीग.

त्याच वेळी सुकुमार मागच्या बोळातून जेवायला घरी येत होता. त्यानं फाटक उघडलं आणि समोर बाप दिसला. पाऊल साबणाच्या कडेला. हाका मारायच्या अंतरावर होता, धावायच्या अंतरावर नव्हता.

हाळी त्याच्या छातीतून उठली. गळ्यापर्यंत आली. एक हाळी, आणि बाप जागच्या जागी थांबला असता. शेडमध्ये पट्टा तुटायच्या बेतात असताना याच हाळीनं त्यानं अण्णांना दोनदा मागं खेचलं होतं. पण गळ्यात हाळीच्या आधी दुसरंच काही येऊन बसलं होतं. लाल चौकट. गाडी. हळू बोलणाऱ्या माणसांचा तो स्वच्छ निवास. सुकुमारनं तोंड उघडलं, आणि हिरव्या रेघेला आवडेल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, थांबा."

अण्णांचं डावं पाऊल सरकलं. उजवं आधीच लुळं. काठी वाजली, मग हाड वाजलं. ते सुकुमारच्या अर्ध्या गेलेल्या कानांनाही ऐकू आलं.

खुबा मोडला होता. शस्त्रक्रियेच्या आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राखण सोलून काढली, कारण तिथं तिचं काम नव्हतं. अण्णा शुद्धीवर आले तेव्हा छातीवर फक्त पट्टीचा चौकोनी डाग होता. सुकुमार पलंगाच्या कडेला बसला. त्यानं बापाच्या खांद्यावर थाप मारली, डाव्या कानाशी तोंड नेलं आणि इतक्या आठवड्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. पट्टी, शेरे, निवास, हिरवी रेघ, तो पत्र्याचा बिल्ला. नर्स धावत आली. शेजारच्या पलंगावरचा रुग्ण उठून बसला. सुकुमार थांबला नाही.

अण्णा ऐकत होते. मधे मधे "आँ?" करत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे अबोला न्हवता व्हय?"

"न्हाईऽऽ!"

"मग आदी सांगाय काय झालं हुतं, गाढवा! मला वाटलं, मीठ कमी म्हणालो म्हणून सूनबाई..." त्यांना हसू आलं, हसताना खुबा दुखला आणि ते शिव्या द्यायला लागले. त्रिशला तोंडात पदर कोंबून रडत होती.

मग अण्णांनी मान लेकाकडं वळवली.

"फाटकात हुतास तू. पडताना दिसलास मला. तोंड उघडं हुतं तुजं." त्यांनी डाव्या हातानं सुकुमारचा शर्ट धरला. "वरडला का न्हाईस?"

सुकुमारनं ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

अण्णा आता चालणार नाहीत. त्यांना घरी आणलं ते पलंगावरच. पडून असलेल्या माणसाला दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवावं लागतं, पुसावं लागतं, नाहीतर पाठ सडते. राखणेशिवाय मेघा येऊ शकत नव्हती. मेघाच काय, परवाना असलेलं कुणीच येऊ शकत नव्हतं. सुकुमारनं शेडमधून रजा घेतली, त्रिशलानं घेतली. दोघं ओरडून बोलत, थापा मारत, बापाला वळवत राहिले. घर पुन्हा घरासारखं वाजायला लागलं. पण रजा संपली, आणि दोघांच्या येरझाऱ्यांत एक पाळी चुकली, मग दुसरी. माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग फुटली. सुकुमारनं ती जखम बघितली, बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि घोरपडे मॅडमना फोन लावला.

राखण परत चिकटली. तिच्याबरोबर मेघा परत आली, आणि शांतता परत आली. एवढाच फरक, की आता अण्णांना कारण माहीत होतं. समोर ओठ हलले की ते छातीवरच्या पट्टीकडं बोट दाखवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "ही बया झोपली की बोल!" ती कधी झोपत नसे.

हाड मोडलं की चौकशी होते, तसा नियम आहे. सुकुमारला कोल्हापूरला बोलावलं. लांब टेबलामागं चौकशी समितीचे तिघं बसले होते. घोरपडे मॅडम कडेच्या खुर्चीत, मान खाली. अध्यक्षांनी अहवाल वाचला. घटनेच्या वेळी परिसर शांत. काळजीवाहकाची सूचना योग्य स्वरात. कुटुंबीयाची सूचना योग्य स्वरात. धाक-अंक शून्य. मानकाचं संपूर्ण पालन.

"अभिनंदन म्हणायची ही वेळ नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण तुमच्यावर कसलाही ठपका नाही, मगदूम. तुमच्या घराचे गुण पूर्ण आहेत."

सुकुमार उभा राहिला. हात आपोआप मागं गेले. त्यानं ते पुढं घेतले आणि टेबलावर ठेवले.

"ठपका मला पायजे, सायेब."

"काय?"

"ठपका. माझ्यावर ठेवा, न्हाईतर तुमच्यावर घ्या. कुणावरच न्हाई असं कसं चालंल? हाड मोडलंय की."

"आवाज जरा कमी करा."

"ह्यो माझा बोलायचा आवाज हाय. बाप रोज इचारतोय मला. सकाळी तोंड धुताना इचारतोय, जेवताना इचारतोय. वरडला का न्हाईस? मला उत्तर देता येत न्हाई. म्हणून तुमच्याकडं आलोय. नियम तुमचा हाय. त्या टायमाला मी फाटकात हुतो, बापाचं पाऊल साबणावर हुतं. मी वरडायचं हुतं, का न्हाई?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं कागद चाळले. घोरपडे मॅडमनी मान वर केली.

"हा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले, "या समितीच्या कक्षेत येत नाही."

"मग कुणाच्या येतोय? नाव सांगा, मी तिकडं जातो. त्यानं न्हाई म्हटलं तर पुढं जातो. पर वरडायचं हुतं का न्हाई, व्हय का न्हाई, कुणीतरी एक शबूद बोला. घरी बाप वाट बघालाय. त्याला मी काय सांगू?"